तारीख कोणी ठरवायची?

मरणानंतरही आपल्या माणसांशी बोलता यावं ही इच्छा जुनीच. नवी आहे ती सोय. २००२ मध्ये ‘फ्यूचरमी’ नावाची वेबसाइट निघाली. तिथे स्वतःलाच पत्र लिहायचं आणि ते आपण सांगू तेव्हा ईमेलने परत मिळायचं. २०१३ मध्ये गुगलने ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आणला. तीन ते अठरा महिन्यांमधली एखादी मुदत निवडायची. तेवढ्या काळात खातं वापरलं गेलं नाही, तर तुम्ही नेमलेल्या जास्तीत जास्त दहा जणांना तुमचा मजकूर आपोआप जातो. २०१९ पासून जीमेलमध्ये कुठलीही ईमेल पुढची तारीख घालून ठेवता येते. काही कंपन्या तर आता मृत्यूनंतरच्या निरोपांचाच धंदा करतात. मुलीच्या अठराव्या वाढदिवसाला व्हिडिओ, लग्नाच्या सकाळी पत्र, पहिलं मूल झालं की आवाजातला आशीर्वाद. तुम्ही आज बोलून ठेवा, वेळेवर पोचवायचं आमच्याकडे लागलं.

असे निरोप लिहावेत, जरूर लिहावेत. माझा आक्षेप तारखेला आहे. निरोप कधी उघडायचा हे लिहिणाऱ्याने ठरवू नये, आणि कंपनीने तर मुळीच नाही. तो अधिकार ज्याच्यासाठी लिहिलं त्याचा. निरोप नकोच म्हणायचा अधिकारही त्याचाच, आणि कायद्यानेही तो त्याच्याकडेच ठेवावा.

आधी लिहिण्याची बाजू घेतो, कारण ती भक्कम आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वे मॅक्स चोचिनोव यांनी शेवटच्या आजारातल्या रुग्णांसाठी ‘डिग्निटी थेरपी’ नावाची एक पद्धत बसवली. ऐकायला ती अगदी साधी आहे. रुग्णाला काही प्रश्न आधी दाखवतात. आयुष्यातला कोणता काळ सर्वांत भरभरून जगलात, कशाचा अभिमान वाटतो, घरच्यांना सांगायचं काय राहून गेलं, त्यांनी तुमच्याबद्दल काय लक्षात ठेवावं. मग कुणीतरी शेजारी बसतं, रेकॉर्डर सुरू होतो आणि रुग्ण झेपेल तेवढं बोलतो. ते सगळं कागदावर उतरवून, अडखळणं आणि तेच तेच काढून सलग करतात. हे काम काही दिवसांतच उरकावं लागतं, कारण हाताशी वेळ नसतो. तयार झालेला मजकूर रुग्णाला वाचून दाखवतात. एखादं वाक्य फार कडक उतरलं असेल तर तिथे सौम्य करता येतं, राहिलेलं नाव घालता येतं. कुणाच्या जिव्हारी लागेल असं काही असेल तर त्याबद्दल रुग्णाशी बोलणं होतं. शेवटी प्रत त्याच्या हाती देतात, आणि ती कुणाला द्यायची ते तो ठरवतो.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या शंभर रुग्णांवरचा पहिला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांनी आपली प्रतिष्ठा वाढल्यासारखी वाटते असं सांगितलं. २०११ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत मात्र नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत मानसिक त्रास ठळकपणे कमी झाल्याचं दिसलं नाही. तरीही याचा उपयोग झाला, घरच्यांची आपल्याकडे बघायची नजर बदलली, असं म्हणणारे रुग्ण डिग्निटी थेरपी घेतलेल्या गटात जास्त होते. जादू नव्हे, पण खरंखुरं काहीतरी आहे.

या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी पायरी म्हणजे ते वाचून दाखवणं. रात्री सगळे झोपल्यावर फोनसमोर एकट्याने बसून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकी तीच नसते. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की त्यातला हट्ट, जुना राग, केविलवाणेपणा आपल्यालाच ऐकू येतो. दुसरी गोष्ट अशी की या सगळ्या खटाटोपात कुठेही कॅलेंडर नाही. कागद तयार होतो आणि माणसांच्या हाती जातो, एवढंच.

आता तारखेचं बघू. समजा, आई गेली तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. एकविसाव्या वाढदिवसापर्यंत दरवर्षी एक, असे व्हिडिओ आईने करून ठेवलेत. सातव्या वाढदिवसाला ते सोनं असतं. नवव्यालाही. बाराव्या वर्षी मुलगी पहिल्यांदा व्हिडिओ मध्येच थांबवते, कारण आई अजून त्याच बाहुलीबद्दल विचारते आहे. आईचा काही दोष नाही; तिला माहीत असलेली मुलगी सहा वर्षांचीच होती. सगळे व्हिडिओ पंधरा दिवसांत केलेले, त्यामुळे अंगावरचा सदरा तोच, मागचा पडदा तोच, आणि दरवर्षी आई थोडी जास्त थकलेली. मोठी होत जाणाऱ्या मुलीला आता ते दिसायला लागतं. सतरावा वाढदिवस उजाडतो तेव्हा ती परीक्षेत नापास झालेली आहे, वडिलांशी बोलणं बंद आहे, आणि सकाळी आठला फोनवर नोटिफिकेशन येतं. आई हसून म्हणते, मला ठाऊक आहे, तू किती हुशार आणि समजूतदार झाली असशील. त्या सकाळी त्या मुलीला हे ऐकायचं होतं का? आई असती तर तिने मुलीचा चेहरा बघितला असता आणि ते वाक्य गिळलं असतं. व्हिडिओला चेहरा दिसत नाही. वीस-एकवीसच्या सुमाराला एक वेगळीच धास्ती लागते: हा शेवटचा. यानंतर आई नवं काही बोलणार नाही. एकदा गेलेली आई अशी पुन्हा एकदा, दिवस-वेळ ठरवून जाते.

ज्यांना असे निरोप आयुष्यभर पुरले, ज्यांनी ते जिवापाड जपले, अशी माणसंही असतील. त्यांचा आनंद मला खोटा ठरवायचा नाही. कुणाला ते मानवेल आणि कुणाला नाही, हे लिहिताना कळायला मार्ग नसतो, एवढंच माझं म्हणणं. लिहिणारा थांबलेला असतो, वाचणारा पुढे गेलेला असतो, आणि मधल्या वर्षांत काय घडलं ते फक्त वाचणाऱ्याला माहीत असतं. मग ‘आत्ता की नंतर’ हे त्याच्याशिवाय कोण सांगणार?

भविष्याबद्दलचे आपले अंदाज किती फसतात याचा एक गमतीदार पुरावा अमेरिकेतल्या टल्सा शहराने पुरून ठेवला होता. १९५७ मध्ये तिथल्या लोकांनी एक कोरी करकरीत प्लिमथ मोटार काँक्रीटच्या तळघरात पुरली, पन्नास वर्षांनी काढायची म्हणून. तळघर अणुहल्ल्यातही टिकेल असं सांगितलं जायचं. २००७ पर्यंत पेट्रोलवरच्या गाड्या इतिहासजमा झाल्या असतील या हिशोबाने सोबत पेट्रोलही ठेवलं होतं. २००७ मध्ये तळघर उघडलं तेव्हा आत पाणी शिरून मोटारीचा गंजलेला सांगाडा उरला होता, आणि बाहेर रस्त्यावर पेट्रोलच्याच गाड्या धावत होत्या. २००७ मधल्या शहराच्या लोकसंख्येचा अचूक अंदाज करणाऱ्याला ती मोटार बक्षीस मिळणार होती. विजेता तोवर कधीच वारला होता.

मोटारीवर हसून सोडून देता येतं. पण निरोपात ‘तू डॉक्टरच हो’ असं लिहिलं असेल तर? ‘घर विकू नकोस’, ‘धाकट्याला कधी टाकू नकोस’, ‘त्या माणसाशी संबंध ठेवू नकोस’? समोर बसलेल्या माणसाशी भांडता येतं, चार वर्षांनी त्याचंही मन बदलतं. गेलेल्या माणसाच्या शब्दाशी भांडायची सोय नसते. रहस्यांची गोष्ट याहून वाईट. तुझे वडील हे तुझे खरे वडील नव्हेत, हे स्वतः हयात असताना सांगायचं धैर्य झालं नाही म्हणून पंचवीस वर्षांनंतरच्या तारखेवर ढकलणं याला मी प्रेम म्हणणार नाही. प्रश्नांना उत्तर द्यायला आपण तिथे नसणार हे माहीत असूनच ती तारीख निवडलेली असते.

मालमत्तेच्या बाबतीत माणसाने हा विचार फार पूर्वी केलाय. मेलेल्याने जिवंतांची जमीन कायमची बांधून ठेवू नये, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १६८२ च्या ड्यूक ऑफ नॉरफोक खटल्यापासून आकाराला आलं. पुढे त्याला मुदतही ठरली: व्यवस्था लागू होताना हयात असलेल्या व्यक्तीचं आयुष्य आणि वर एकवीस वर्षं. जमिनीवरच्या हुकमाला अशी मर्यादा आहे, मनावरच्या हुकमाला नाही. डिजिटल वारशाबद्दलचे कायदे आणि निकाल आता येताहेत, पण त्यांचं तोंड दुसरीकडे आहे. २०१६ च्या कायद्याने फ्रान्समध्ये आपल्या मागे आपल्या माहितीचं काय करावं याच्या सूचना लिहून ठेवता येऊ लागल्या. २०१८ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका मृत मुलीचं फेसबुक खातं तिच्या आईवडिलांना वारशाने मिळतं असा निकाल दिला. पहिल्यात जाणाऱ्याची इच्छा जपली, दुसऱ्यात मागे राहिलेल्यांचा पाहण्याचा हक्क. न पाहण्याचा हक्कही कुणाला हवा असेल, हे अजून फारसं कुणाच्या गावी नाही.

चांगला निरोप कसा असतो हे बघायचं तर शंभर वर्षांहून मागे जावं लागेल. कॅप्टन रॉबर्ट स्कॉट १९१२ च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात अडकला. तंबूत, आपण आता वाचत नाही हे कळून चुकल्यावर त्याने पत्रं लिहिली. त्यातलं एक पत्नी कॅथलीनला. मुलगा पीटर तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचा होता. जमलं तर त्याला निसर्गशास्त्राची गोडी लाव, असं त्याने लिहिलं. पुनर्विवाहाबद्दल माझ्या मनात कसलाही भाबडेपणा नाही, योग्य माणूस भेटला तर तू पुन्हा आनंदाने जगायला हवंस, हेही लिहिलं. ते पत्र नोव्हेंबरमध्ये प्रेतांसोबत सापडलं आणि पुढच्या वर्षी तिच्याकडे पोचलं. कॅथलीनने १९२२ मध्ये दुसरं लग्न केलं. पीटर पक्षितज्ज्ञ झाला, १९४६ मध्ये त्याने स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांसाठीची संस्था काढली, आणि वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडच्या संस्थापकांत तो होता. त्यांचं पांडाचं चिन्हही त्याच्याच हातचं.

पत्रामुळे हे सगळं घडलं, असा दावा मी करत नाही. मुलं अशी ठरवून घडत नसतात. मला त्या पत्राची रचना महत्त्वाची वाटते. मुलाबद्दलची इच्छा स्कॉटने मुलाला लिहिली नाही. ती एका जिवंत, शहाण्या, त्या मुलाला रोज बघणाऱ्या माणसाला लिहिली, आणि तीही ‘जमलं तर’ म्हणून. ती इच्छा केव्हा बोलायची, किती बोलायची, की नुसतं मुलाला सोबत घेऊन तळ्याकाठी जायचं आणि बोलायचंच नाही, हे कॅथलीनच्या हाती राहिलं. मुलाला वेगळ्याच कशाचं वेड लागलं असतं तर तो मजकूर ती वर्षानुवर्षं दडवू शकली असती. आणि तिला स्वतःला लिहिलेल्या ओळी बांधणाऱ्या नव्हत्या, मोकळं करणाऱ्या होत्या.

मधल्या माणसाची ही जागा आता सर्व्हर घेतो. त्याचा पहिला दोष विवेकाचा. तीन महिने खातं उघडलं नाही म्हणजे माणूस गेला, हा त्याचा तर्क. तुम्ही लांबच्या आजारपणात पडून आहात आणि तुमचा अखेरचा निरोप घरच्यांना पोचलाय, असंही होऊ शकतं. दुसरा दोष आयुष्याचा. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण गुगलने २०२३ च्या डिसेंबरपासून अमलात आणायला सुरुवात केली. म्हणजे वीस वर्षांनंतरची तारीख घातलेलं पत्र ज्या खात्यात आहे, ते खातंच तोवर राहील याचा भरवसा नाही. ऑर्कुट ही एकेकाळची लोकप्रिय समाजमाध्यम साइट २०१४ मध्ये बंद झाली. सर्व्हर बदलताना २०१५ पूर्वी चढवलेलं बहुतेक सगळं संगीत गेलं, हे मायस्पेस या दुसऱ्या तशाच साइटला २०१९ मध्ये कबूल करावं लागलं. बीबीसीने इंग्लंडमधल्या जमिनी-मालमत्तेच्या १०८६ च्या नोंदवहीला, म्हणजे ‘डूम्सडे बुक’ला, नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये देशभरातल्या लोकांकडून माहिती गोळा करून लेसर डिस्कवर साठवली. पंधराएक वर्षांत त्या डिस्क वाचणारं यंत्र मिळणं मुश्किल झालं. मूळ चर्मपत्राचं पुस्तक आजही वाचता येतं. तेव्हा ‘तुमच्या नातवंडांपर्यंत पोचवू’ असं सांगून आज पैसे घेणाऱ्या कंपनीला, तुम्ही तरी तोवर असाल का, असं विचारायला संकोच वाटू देऊ नये.

तंत्रज्ञानाला दुसरा मार्ग जमतच नाही असं मात्र नाही. अ‍ॅपलने २०२१ च्या डिसेंबरमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ची सोय दिली. तुम्ही माणूस नेमायचा, त्याच्याकडे एक किल्ली द्यायची. तुमच्या पश्चात त्याने ती किल्ली आणि मृत्यूचा दाखला देऊन मागणी केली, तरच तुमचा साठा त्याला उघडतो. त्याने मागितलं नाही तर काहीही त्याच्या अंगावर येत नाही. पहिल्या मंजुरीपासून तीनच वर्षं ही मुभा असते आणि मग खातं पुसलं जातं, ही त्यातली उणीव मला मोठी वाटते. शोकाला तीन वर्षं पुरतात हे कुणी ठरवलं? पण दिशा बरोबर आहे. जिवंत माणूस मागेल, तेव्हाच द्यायचं.

उलट्या दिशेचं टोक म्हणजे मृत माणसाच्या लिखाणावर आणि आवाजावर शिकवलेले चॅटबॉट. यावर केंब्रिज विद्यापीठातल्या दोन संशोधकांचा लेख २०२४ मध्ये आला. अशा बॉटला मानाने निवृत्त करायची रीत हवी, वापरणाऱ्याला बाहेर पडायचा मार्ग हवा, मुलांना यापासून लांब ठेवावं, असं त्यांनी सुचवलं. मी याहून कडक बोलेन. पत्रात निदान शब्द तरी त्या माणसाचेच असतात. बॉट नवी वाक्यं रचतो आणि ती आईच्या तोंडी घालतो. जे ती कधी बोललीच नाही त्यावर तिची सही करायचा अधिकार आई स्वतःसुद्धा आधी लिहून देऊ शकत नाही, असं माझं मत आहे.

मग नियम कसले हवेत? निरोप ठेवून घेणाऱ्या कंपनीने थेट मजकूर पाठवू नये. तो आहे एवढं एकदाच कळवावं आणि पुन्हा आठवण करून देऊ नये. घेणाऱ्याला तो पुढे ढकलता यावा, दुसऱ्याकडे वाचायला देता यावा, नाकारता यावा. धंदा बंद करायच्या आधी कंपनीने सगळा साठा वाचता येईल अशा स्वरूपात नेमलेल्या माणसाकडे सोपवावा. आणि शोकातल्या माणसाला त्या पानावर जाहिरात दाखवायला साफ बंदी.

यावर लिहिणारे म्हणतील, हा आमच्यावर अन्याय झाला. मरणाच्या दारात बसून जिवापाड लिहिलेलं कुणी वाचलंच नाही तर? होय, असं होईल. पण पत्र लिहिण्यात हा धोका नेहमीच होता. पोचल्यावर पत्र घेणाऱ्याचं होतं. ते फाडायचा हक्कही त्याचाच.

मला खरोखर अवघड वाटणारा आक्षेप वेगळा आहे. मधला माणूसच दगाबाज निघाला तर? आईवडील कडवटपणे वेगळे झालेत, आजारी बापाला मुलासाठी चार शब्द ठेवायचेत, आणि ते पत्र आई मुलाला कधीच देणार नाही अशी त्याची खात्री आहे. अशा बापाला तारखेचं बटण हाच एक आधार वाटतो, आणि त्याला मी नुसतं ‘विश्वास ठेवा’ म्हणून वाटेला लावू शकत नाही. त्याच्यासाठी सांभाळणारा असा हवा ज्याचा त्या भांडणात काडीचाही संबंध नाही: वकील, जुना मित्र, हवं तर एखादी नोंदणीकृत संस्था. दोन प्रती, दोन वेगळ्या हातांत. आईने पत्र द्यावं की देऊ नये, हा प्रश्न मूल अज्ञान असेपर्यंतच राहावा. ते सज्ञान झालं की सांभाळणाऱ्याने कायद्याने बांधल्यासारखं त्याला कळवावं: तुझ्या वडिलांनी अमुक साली लिहिलेला मजकूर आमच्याकडे आहे, साधारण इतक्या पानांचा आहे, वाचताना सोबत कुणी असावं अशी त्यांची इच्छा होती, हवा तेव्हा मागून घे. त्याने तो त्याच दिवशी मागितला तर द्यावा. तिशीत मागितला तर तेव्हा द्यावा. चाळिशीत ‘जाळून टाका’ म्हणाला तर जाळावा, आणि जाळल्याची लेखी पोच त्याला पाठवावी.